नऊ पुरवण्यांचा माणूस

गोपन प्रयोगशाळेत सकाळी सगळ्यांत आधी पोचण्याचा मान डॉ. वैजयंती मगदूम यांनी आजवर कुणाला मिळू दिला नव्हता. आल्या की त्या खिडक्या उघडत, चहाचं आधण ठेवत आणि ते उकळेपर्यंत, संचालकांनी कामाच्या जागी करू नये असं एक काम करत. एक मेलेलं संकेतस्थळ उघडून बघत.

मेलेलं म्हणजे तिथं कुणी नवं अक्षर लिहून युग लोटलं होतं. त्याचं नाव 'पडदा'. एके काळी वैजयंतीबाई आणि त्यांचा सहकारी सुकुमार उपाध्ये या दोघांनी ते कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसून उभं केलं होतं. तो काळ आता सांगितला तर तरुण पोरांना थाप वाटते. तेव्हा माणसं इंटरनेटवर स्वतः हिंडत. ब्राउझर नावाची खिडकी उघडायची, पत्ता टाकायचा आणि जायचं. जिथं जावं तिथं दारातच 'कुकी घ्या, कुकी घ्या' असा लग्नाच्या पंगतीसारखा आग्रह होई. कंटाळून माणूस 'हो' म्हणे, आणि मग तो काय वाचतो, काय विकत घेतो, कुठल्या दुखण्याची चौकशी करतो, सगळ्याचा माग लागे. त्यावर उपाय म्हणून ब्राउझरला छोटी छोटी एक्स्टेन्शन लावता येत. उपाध्येंनी त्यांना शब्द काढला 'पुरवणी', आणि तो कोल्हापुरापुरता तरी रुळला.

आता पुरवणी हा शब्दही गेला आणि वस्तूही गेली. प्रत्येकाच्या कानाशी एकेक 'सोबती' आहे. त्याला सांगायचं, तो जाऊन घेऊन येतो. कुठून आणतो, वाटेत कुणाला काय सांगतो, हे विचारायची पद्धत राहिली नाही. काही हट्टी माणसं अजून स्वतः हिंडतात. शिक्षक, वकील, वार्ताहर, निवृत्त मंडळी. अशा चाळीसेक हजार लोकांसाठी गोपन प्रयोगशाळा 'घोंगडी' नावाचा ब्राउझर चालवत असे. घोंगडीत एकही पुरवणी नव्हती आणि कुणाला ती लावताही येत नसे. सगळ्यांच्या घोंगड्या एकसारख्या, हीच तिची खुबी होती.

'पडदा'वर एक पान होतं, 'आरसा'. ते उघडलं की त्या दिवशी इथं कोण कोण येऊन गेलं त्यांचे ठसे दिसत. नाव नाही, गाव नाही. फक्त रंगीत ठिपक्यांची एकेक ओळ, प्रत्येक पुरवणीचा ठरलेला एक रंग, पुरवणीच नसली तर करडी; आणि अगदी तसाच ठसा आज किती जणांचा पडला तो आकडा. मध्यरात्री सगळं पुसलं जाई. दुसऱ्याचा माग ठेवू नका म्हणून शिकवणाऱ्यांनी स्वतः तरी का ठेवावा?

रोज सकाळी आरशात एक करडी ओळ असे, पुढे आकडा दोन, तीन, फार तर चार. ती घोंगडीवाल्यांची, त्यांतल्या एक खुद्द वैजयंतीबाई. आणि एक ओळ असे नऊ रंगांची. तिच्यापुढचा आकडा नेहमी एक.

"आहे," असं त्या स्वतःशीच म्हणत आणि चहा गाळायला जात. दहा-अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

नऊ रंगांची ओळ सुकुमार उपाध्येंची होती, यात त्यांना शंका नव्हती. 'लक्षवेध' नावाच्या बलाढ्य कंपनीनं लोकांनी घरात बसून शोधलेली दुखणी विमावाल्यांना विकली होती. ते उपाध्येंनी पुराव्यासकट जाहीर केलं. पुरावे त्यांना कंपनीतल्याच कुणी दिले होते आणि ती नावं फक्त त्यांना ठाऊक होती. कंपनीनं खटला भरला, मग घरासमोर अनोळखी माणसं उभी राहू लागली. एका सकाळी उपाध्ये प्रयोगशाळेत आले नाहीत, ते नाहीतच. जाताना त्यांनी वैजयंतीबाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना कोर्टात ते लपवावं लागलं असतं, एवढा विचार तो माणूस नक्की करणार. पण मनाला असला विचार पटतो थोडाच. लग्न दोघांनीही केलं नव्हतं आणि एकमेकांना त्याचं कारण कधी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी चहा गाळून होतो न होतो तोच दारात एक नीटनेटका गृहस्थ उभा राहिला. मागोमाग डॉ. तन्वीर मुजावर आत आले. ते वैजयंतीबाईंचे सहसंचालक. पाहुण्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"मी निनाद घोरपडे. लक्षवेधकडून आलोय," पाहुणा म्हणाला. "मॅडम, बसू का?"

"बसा की. चहा घेणार?"

"घेतो." घोरपडे बसले. आपली आजी जयसिंगपूरची, हा चहा तिच्या हातच्यासारखा झालाय, वगैरे बोलून झालं. मग त्यांनी कप खाली ठेवला. "तुमचं ते जुनं संकेतस्थळ ज्या यंत्रांवर राहतं ना मॅडम, ती यंत्रं आता आमची आहेत. सहज आरसा बघितला. रोज एक माणूस येतो. नऊ पुरवण्यांचा. कोण हो?"

"आरशात नाव दिसत नाही. म्हणूनच आम्ही तो तसा केला होता."

"बरोबर आहे. तो येतोही वळसामार्गानं, परक्या देशांतल्या यंत्रांतून. आज नॉर्वेतून, उद्या पेरूतून. पत्ता लागत नाही. पण ठसा तर बदलत नाही ना?" घोरपडे मवाळ आवाजात बोलत होते. "सोमवारपासून आम्ही ठसावेध चालू करतोय. हाच ठसा औषधाच्या दुकानात, हवामानाच्या पानावर, एसटीच्या वेळापत्रकात कुठे कुठे पडतो ते यंत्र जुळवत जाईल. तीन ठिकाणं जुळली की गाव कळतं. तुमची ओळख असली त्यांच्याशी, तर आधी निरोप द्या. सामोपचारानं मिटवू."

"माझी ओळख नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

घोरपडे गेले. मग तन्वीरनं विचारलं, "उपाध्ये सर?"

"दुसरं कोण!" बाई एकदम उसळल्या. "गाढव आहे तो माणूस! अरे, नऊ पुरवण्या! त्यांतल्या तीन तर जाहिराती अडवणाऱ्या, एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या. एक कुकी झाडणारी, एक दुव्यामागची माग काढणारी शेपटी छाटणारी, एक खोटा पत्ता सांगणारी. शहाणा माणूस असली खिचडी करतो? आणि हे ज्यानं सगळ्या गावाला शिकवलं त्यानं!"

शिकवलं होतं हे खरंच. दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शिबिर असे. खडखडणारे पंखे, मधोमध कागदावर ओतलेलं भडंग, भिंतीतल्या एकुलत्या एका प्लगसाठी भांडणं. लोक आपापले लॅपटॉप घेऊन येत, आणि कुठली पुरवणी ठेवावी, कुठली काढावी यावर असा वाद रंगे की खालून ग्रंथपाल काठी आपटत. वैजयंतीबाईंना ते शनिवार अजून आठवत. त्या काळी माणसाला निवड करावी लागे, चुकावं लागे, चूक दुसऱ्याला दाखवावी लागे. त्यातच अर्धी गंमत होती.

एका शनिवारी शिंत्रे वकील आले. ब्राउझरला सतरा पुरवण्या लावल्यात म्हणून छाती काढून सांगत होते. उपाध्येंनी त्यांना आरशासमोर बसवलं. वकिलांची ओळ इंद्रधनुष्यासारखी, पुढे आकडा एक.

"पण पुरवणी कुणाला दिसत नाही म्हणतात ना?" वकील म्हणाले.

"पुरवणी दिसत न्हाई, पण तिनं केलेलं काम दिसतं," उपाध्ये म्हणाले. "मी पानात चार वस्तू ठेवल्या. तुमच्या ह्या बाईनं एक काढली, त्या बाईनं दुसरी झाकली. काय न्हाईसं झालं त्यावरनं कोण कोण आत हाय ते मला कळतं. वकीलसाहेब, भर उन्हाळ्यात मफलर, रेनकोट, कानटोपी आणि गॉगल घालून तुम्ही महाद्वार रोडनं चाललाय. तोंड दिसत न्हाई, कबूल. पण गावात दुसरं कोण असं चाललंय सांगा की!"

हॉल हसला. वकीलही हसले. "मग करू काय?"

"पांढरा शर्ट घाला आणि बाजारात शिरा. जाहिराती अडवणारी एक पुरवणी पुरे, तीपण सगळे वापरतात तीच. माणूस भिंतीआड लपत न्हाई, माणसांत लपतो."

घोंगडी त्याच वाक्यातून जन्मली होती.

"म्हातारा झाला, घाबरला असेल," वैजयंतीबाई आता हळू आवाजात म्हणाल्या. "एकटा माणूस. दाराला एक कडी लावली, दुसरी लावली, तरी झोप येत नाही, तिसरी लावली. तसं झालंय त्याचं."

"मग 'पडदा' बंद करून टाकू," तन्वीर म्हणाले.

"उपयोग नाही. ठसा त्यांनी बघितलाय. आता तो जिथं जिथं फिरेल तिथं पकडला जाईल. आणि..." त्या थांबल्या. "आणि तो मग कुठं येणार रे?"

तन्वीरनं खिडकीबाहेर बघितलं. ते उपाध्येंना एकदाच भेटले होते, विद्यार्थी असताना. पण बाईंचा सकाळचा तो शब्द त्यांनी अनेकदा पॅसेजमधून ऐकला होता आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"एक मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "त्याला बाजारात यायला सांगता येत नाही. बाजार त्याच्याकडे नेता येईल."

तन्वीरच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "घोंगडी?"

"घोंगडीला त्याच नऊ पुरवण्या लावायच्या. त्याच आवृत्त्या, तोच क्रम. रविवारी सगळ्यांना नवी घोंगडी जाईल. सोमवारी ठसावेध सुरू होईल तेव्हा चाळीस हजार माणसं नऊ रंगांत हिंडत असतील. औषधाच्या दुकानात, एसटीच्या वेळापत्रकात, सगळीकडे."

"लोकांचं काही बिघडणार नाही," तन्वीर मनाशी हिशेब करत म्हणाले. "आधी सगळे करडे होते, आता सगळे रंगीत. एकसारखे ते एकसारखेच. पानं जरा हळू उघडतील, शिव्या येतील." मग ते थबकले. "पण मॅडम, 'पडदा'वर तर ते एकटेच राहतील. यंत्रं लक्षवेधची आहेत. त्या एका माणसापुरता पानात गळ टाकून ठेवतील."

"म्हणून घोंगडी उघडली की पहिलं पान 'पडदा'चंच येईल. चाळीस हजार माणसं रोज तिथं. गळ कुणाला टाकणार?"

"पण मग तुम्हाला..."

"माहीत आहे."

"मॅडम, मग तुम्हालाही ते दिसणार नाहीत. आज आले की नाही, आहेत की..." तन्वीरनं वाक्य पुरं केलं नाही.

"तन्वीर, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी आरशात बघून चहा पीत बसावं म्हणून त्याला पकडून देऊ?"

नवी आवृत्ती पाठवायला दोघांच्या किल्ल्या लागत. रविवारी सकाळी तन्वीरनं आपली लावली. वैजयंतीबाईंनी त्याआधी आरसा उघडला. करड्या ओळीपुढे तीन, नऊ रंगांच्या ओळीपुढे एक. त्यांनी त्या ओळीकडे पुरतं बघून घेतलं. लोक स्टेशनवर गाडी हलल्यावर बघतात तसं. मग त्यांनीही किल्ली लावली.

सोमवारी आरशात एकच ओळ होती, नऊ रंगांची. आकडा चढत चढत एकोणचाळीस हजारांवर गेला. शिव्याही आल्या, भरपूर आल्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं की घोंगडी आता पांघरायच्या लायकीची राहिलेली नाही. वैजयंतीबाईंनी त्यांना स्वतः उत्तर लिहिलं, क्षमा मागितली. सवयीनं 'आहे' हा शब्द ओठांवर आला, पण तो कुणाबद्दल म्हणायचा हे कळेना. त्यांनी चहा न पिताच ओतून टाकला.

पुढच्या आठवड्यात घोरपडेंचा फोन आला. बाईंनी तन्वीरलाही ऐकू यावा म्हणून तो मोठ्यानं लावला.

"अभिनंदन मॅडम," घोरपडे म्हणाले. आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. "चाळीस हजारांचा जमाव उभा केलात. आमच्याकडे फाइल बंद झाली. पण आता सांगायला हरकत नाही, तुम्ही उगाच त्रास घेतला."

"म्हणजे?"

"ठसावेध आम्ही तुमच्याकडे यायच्या आधीच चालवला होता. महिनाभर. तो नऊ पुरवण्यांचा ठसा जगात दुसरीकडे कुठंच पडत नव्हता. औषध नाही, हवामान नाही, काही नाही. फक्त तुमच्या त्या पानावर, दिवसातून एकदा. हाती काही लागेना म्हणूनच तर तुमच्याकडे आलो. म्हटलं, तुम्ही घाबरून त्यांना निरोप धाडाल, त्या निरोपाच्या मागं मागं जाऊ. तुम्ही धाडला नाही. आम्हाला अजून कळत नाही, एका पानासाठी एवढा साजशृंगार करून येणारा हा कोण वेडा? असो. ठेवतो."

तन्वीर हसले. "म्हणजे धोका नव्हताच! सर बाकी सगळीकडे साध्या कपड्यात फिरत होते. मॅडम, ते घाबरले-बिबरले नव्हते. त्यांना ठसा म्हणजे काय ते पक्कं..."

ते बोलता बोलता गप्प झाले. बाईंचा चेहरा बघून.

"त्याला पक्कं माहीत होतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "सगळ्या जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकमेकींशी भांडणाऱ्या तीन पुरवण्या एकत्र लावल्या की असा ठसा दुसऱ्या कुणाचा पडणार नाही, म्हणून त्यानं लावल्या. आणि त्या वेषात तो फक्त तिथंच यायचा जिथं मी बघते. तो लपत नव्हता रे. तो रोज येऊन मला सांगत होता, मगदूम, मी आहे."

तन्वीरनं आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आणि मी काय केलं? त्याच्या हाकेवर चाळीस हजार माणसांचा गलका सोडला." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, लपवायचा काही प्रयत्न केला नाही. "पण त्याहून वाईट सांगू? इतकी वर्षं तो हाका मारत होता आणि मी रोज त्याच पानावर घोंगडी पांघरून जात होते. करड्या ओळीतल्या दोन-चार जणांतली एक. आरसा तोही बघत असणार. मी आहे की मेले, हे त्याला कधी कळलंच नाही. ओ नाही मिळाली तरी हाक मारत राहिला."

ज्या नियमावर आयुष्य काढलं त्या नियमानंच त्यांना आंधळं केलं होतं. दिसू नये म्हणून धडपडणारी माणसं त्यांनी हजारो बघितली होती. कुणाला तरी मुद्दाम दिसावं म्हणून कुणी नटून येईल, हे त्यांच्या शास्त्रात कुठे बसतच नव्हतं.

"जमाव मागे घेऊ," तन्वीर म्हणाले. "जुनी घोंगडी परत पाठवू."

"घोरपडे आज फाइल बंद झाली म्हणतात. उद्या उघडतील. जमाव असू दे, तो तिथं सुरक्षित आहे." बाई उठल्या. "माझ्यामागे मात्र कुणी लागलेलं नाही. मी दिसले तर कुणाचं काय जातंय?"

जुन्या ब्राउझरांचा नाद असलेली काही मंडळी जगात अजून आहेत. त्यांच्या कोठारातून वैजयंतीबाईंनी एक ब्राउझर उतरवून घेतला आणि पुरवण्यांची यादी उघडली. हजारो पुरवण्या, बहुतेक धूळ खात पडलेल्या. कित्येक वर्षांनी त्या पुन्हा निवडायला बसल्या होत्या, आणि शनिवारच्या शिबिरात लोकांना जे जे करू नका म्हणून ओरडल्या होत्या ते सगळं एकेक करत होत्या.

"ही बघ, पानाच्या कोपऱ्यात मांजर बसवते."

"मॅडम, मांजर?"

"पानात बदल करते ना? मग ठशात येणार. घे. ही सगळी अक्षरं तिरकी करते, तीही घे. ही कुकी झाडते आणि ही झाडलेल्या परत आणते. दोन्ही लाव."

"एकमेकींच्या झिंज्या उपटतील," तन्वीर म्हणाले, आणि दोघंही हसले. तासाभरात अकरा पुरवण्या झाल्या. अशी खिचडी पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणी शिजवली नसती, हे तन्वीरनं तीनदा तपासून पाहिलं.

मग बाई 'पडदा'वर गेल्या, घोंगडीशिवाय, उघड्या माथ्यानं. आरशात नऊ रंगांच्या ओळीखाली एक नवी, विचित्र ओळ उमटली. पुढे आकडा एक. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आकडा एकच होता. तिसऱ्या दिवशीही. पुढे रोज यायच्या, खिडक्या उघडायच्या, मांजर घेऊन 'पडदा'वर जायच्या, एक. तन्वीर काही विचारत नसत. वय झालेलं माणूस एखाद्या दिवशी यायचं राहूनही जातं आणि ते कुणाला कळत नाही, हे दोघांनाही समजत होतं.

गुरुवारी तन्वीर लवकर आले तर खिडक्या बंदच होत्या. आधण उकळून उकळून आटलं होतं. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. खुर्ची मागे असून बसल्या नव्हत्या.

चाळीस हजारांच्या खाली त्यांची ती विचित्र ओळ होती. अकरा पुरवण्या, तिरकी अक्षरं, मांजर, सगळं जिथल्या तिथं. पुढे आकडा दोन.

"तुम्ही दोनदा आला असाल," तन्वीर अडखळत म्हणाले.

"आरसा एका ब्राउझरला एकदाच मोजतो. तूच तपासलंयस."

"मग घोरपडेंनी नक्कल..."

"घोरपड्यांना बोलायचं असलं की ते फोन करतात," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "चहा टाक तन्वीर. आज माझ्याच्यानं होणार नाही."